इंग्लंडमधली जुनी कंट्री हाऊसेस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांकडे इंग्लंडला निघालेले आई-बाबा, तिकडे शिकणारी पोरं, इतिहासाची आवड असलेली मंडळी या सगळ्यांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं इंग्लंडपुरती आहेत. जिथे सीमा ओलांडली, तिथे तसं लिहिलं आहे. एका उत्तरातला मजकूर दुसऱ्यात पुन्हा दिलेला नाही, त्याऐवजी प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. कंट्री हाऊस म्हणजे नक्की काय? राजवाडा, किल्ला की नुसतं मोठं घर?

जमीनदाराचं गावाकडचं मुख्य घर. भोवती त्याची हजारो एकर जमीन, ती कसणारी कुळं, जंगल, दगडाच्या खाणी, कधी आख्खं गाव. बहुतेकांचं लंडनमध्येही एक घर असायचं. संसदेचं अधिवेशन आणि मेजवान्यांचा मोसम संपला की बिऱ्हाड गावी परतायचं. पण वजन होतं ते गावच्या घराचं. कुळांचा खंड तिथे जमा व्हायचा, परगण्यातले किरकोळ खटले मालक स्वतः निकालात काढायचा, गावच्या चर्चमध्ये पाद्री कोण हेही अनेकदा तोच ठरवायचा.

थोडक्यात, घर हे जहागिरीचं मुख्यालय होतं. नुसते दिवाणखाने बघून परत फिरलात तर अर्धं बघायचं राहिलं. फाटकावरचा लॉज, तळमजल्यावरची नोकरांची जागा आणि उंच भिंतीआडचा भाजीमळा हे सगळं त्याच घरात मोडतं, आणि माझ्या मते जास्त बोलकं तेच असतं.

२. कुठे हॉल, कुठे पार्क, कुठे कॅसल, कुठे ॲबी. नावांत एवढा गोंधळ का?

नियम असा काहीच नाही. 'ॲबी' असेल तर मात्र बहुधा एक गोष्ट खरी असते: तिथे पूर्वी ख्रिस्ती मठ होता. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात मठ बरखास्त केले, त्यांच्या जमिनी दरबाऱ्यांनी विकत वा बक्षीस म्हणून घेतल्या आणि मठाच्याच भिंती वापरून घरं उठवली. विल्टशरमधल्या लॅकॉक ॲबीत मठाच्या ओवऱ्या अजून जशाच्या तशा दिसतात. (याच घराच्या एका खिडकीचं छायाचित्र मालक फॉक्स टॅल्बटने १८३५ मध्ये घेतलं. ती निगेटिव्ह जगातली सर्वांत जुनी टिकलेली निगेटिव्ह मानतात.)

'कॅसल' नावावर विश्वास ठेवू नका. यॉर्कशरच्या कॅसल हॉवर्डमध्ये कधी कुणी लढलं नाही. १६९९ पासून बांधलेलं ते शुद्ध शौकाचं घर आहे. डेव्हनमधला कॅसल ड्रोगो तर १९११ ते १९३० मध्ये बांधला गेला. त्याचा मालक किराणा दुकानांच्या साखळीवर श्रीमंत झालेला, आणि वास्तुविशारद लट्येन्स, तोच नवी दिल्लीवाला.

३. एवढा पैसा आला कुठून?

मुख्यतः कुळांच्या खंडातून. त्याला जोड सरकारी पदांची, लग्नात आलेल्या इस्टेटींची, पुढे कोळसा, कालवे, बँका यांची. आणि समुद्रापलीकडच्या पैशाची. यॉर्कशरमधलं हेअरवुड हाऊस १७५९ पासून उभं राहिलं ते वेस्ट इंडीजमधल्या साखरेवर आणि गुलामांच्या श्रमावर. हा विषय तिकडे बराच तापलेला आहे. जुनी घरं आणि जमिनी सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने २०२० मध्ये आपल्या ताब्यातल्या जागांचा अहवाल काढला, त्यात गुलामगिरी किंवा वसाहतींशी संबंध असलेल्या ९३ जागा निघाल्या, आणि 'आमच्या घरांची बदनामी चालवली आहे' म्हणून बऱ्याच सभासदांनी गहजब केला. अहवालात चुकीचं काय होतं, हे मला तरी अजून कुणी पटवून दिलेलं नाही. भारतातून गेलेल्या पैशासाठी प्रश्न १३ पाहा.

४. एकच घर बघण्याइतका वेळ आहे. कुठलं बघू?

लोक ब्लेनहाइम किंवा चॅट्सवर्थ सांगतील. मी डर्बीशरमधलं हार्डविक हॉल सांगेन.

एलिझाबेथ, श्रूझबरीची काउंटेस, म्हणजे 'बेस ऑफ हार्डविक'. चार लग्नं झाली आणि प्रत्येक नवऱ्यामागे ती आधीपेक्षा श्रीमंत झाली. चौथा नवरा १५९० मध्ये वारला आणि त्याच सुमारास, साठी ओलांडलेल्या या बाईने नवं घर बांधायला काढलं. १५९७ मध्ये ती राहायला आली. काच तेव्हा अतिशय महाग, आणि हिने भिंतींपेक्षा खिडक्याच जास्त केल्या. खाली नोकरांचा मजला, वर कुटुंबाचा, सर्वांत वर राणी (पहिली एलिझाबेथ) आली तर तिच्यासाठीचा. आणि जसजसं वर जावं तसतशी खिडकीची उंची वाढत जाते. बुरुजांच्या माथ्यावर दगडात कोरलेली 'ई' आणि 'एस' ही तिची आद्याक्षरं मैलभरावरून वाचता येतात. राणी कधीच आली नाही.

वरच्या मजल्यावरची लाँग गॅलरी सुमारे ५० मीटर लांब आहे. पावसाळी दिवसांत घरच्यांनी शतपावली घालावी, तसबिरी लावाव्यात, आल्यागेल्याला लांबी बघून धाक बसावा, हे तिचं काम. तिथल्या भिंतींवरचे विणलेले पडदे बेसने हॅटन नावाच्या दिवंगत दरबाऱ्याच्या वारसाकडून विकत घेतले. त्यांवर हॅटनचं कुलचिन्ह होतं. ते झाकून आपलं लावायला खर्च येणार, म्हणून तिने किमतीतून पाच पौंड कापून घेतले. ही बाई कशी होती, ते एवढ्यावरून कळावं.

५. आतल्या खोल्यांचा क्रम कसा लक्षात घ्यायचा? सगळे दिवाणखाने सारखेच वाटतात.

काळ धरून बघा. मध्ययुगात एकच मोठा 'हॉल': मालक, चाकर, पाहुणे सगळे तिथेच जेवायचे. हळूहळू मालक वरच्या खासगी खोलीत जेवायला लागला आणि हॉल नुसता येण्याजाण्याची जागा झाला. १७व्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच पद्धत आली: एकामागून एक खोल्या, सगळ्यांची दारं एका रेषेत. पहिल्या खोलीत कुणीही जाऊ शके, पुढच्या खोलीत ओळखीचे, त्याच्या पुढे खास मर्जीतले. तुम्हाला कुठल्या दारापाशी थांबवलं, यावर तुमची पायरी कळायची. शेवटी पलंगाची खोली, आणि बहुधा त्या पलंगावर कुणी झोपायचंच नाही. तो फक्त राजासाठी मांडून ठेवलेला.

१८व्या शतकात रॉबर्ट ॲडमसारख्या वास्तुविशारदांनी पाहुण्यांना गोल फिरवणाऱ्या खोल्या केल्या: हॉल, सलून, ड्रॉइंग रूम, लायब्ररी, डायनिंग रूम. ॲडमचं काम ओळखायचं असेल तर छत बघा आणि मग खाली गालिचा बघा. अनेकदा दोन्हींची नक्षी जोडीने बेतलेली असते. फर्निचर चिपेंडेलचं असेल तर गाईड ते आपणहून सांगतातच, विचारावं लागत नाही.

लाकूडकाम बघणाऱ्यांनी ससेक्समधल्या पेटवर्थ हाऊसची कार्व्ह्ड रूम चुकवू नये. ग्रिनलिंग गिबन्सने लिंबाच्या लाकडात कोरलेली फुलं, पक्षी, वाद्यं तिथे आहेत. हा लिंब आपला कडुलिंब किंवा कागदी लिंबू नव्हे; 'लाइम' नावाचं तिकडचं मऊ लाकडाचं झाड.

६. आत इतका अंधार का ठेवतात? तिकिटाचे पैसे घेऊन नीट दाखवतही नाहीत!

उजेडाने रेशीम आणि रंग मरतात. एकदा उडालेला रंग परत येत नाही, आणि नुकसान साठत जातं: थोडा उजेड बराच वेळ म्हणजे भरपूर उजेड थोडा वेळ. म्हणून कापडाच्या वस्तूंसाठी साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) ही मर्यादा धरतात, पडदे अर्धे ओढतात, काही खोल्या वर्षातून मोजकेच तास उघडतात. हिवाळ्यात अनेक घरं बंद करून फर्निचरवर खोळी चढवतात, पुस्तकं एकेक करून ब्रशने झाडतात. पाच मिनिटं थांबा, डोळे सरावतात. तक्रार करणारे लोक बहुधा पंचवीस सेकंदांत खोलीबाहेर पडलेले असतात.

७. नोकर राहायचे कुठे? आणि ते दिसू नयेत म्हणून काय करायचे?

झोपायला बायका माळ्यावर आणि पुरुष तळघरात, ही ढोबळ वाटणी. कामासाठी मागचा जिना, भिंतीच्या कागदात बेमालूम लपवलेली दारं, आणि काही ठिकाणी चक्क बोगदे. पेटवर्थमध्ये स्वयंपाकघर वेगळ्या इमारतीत आहे आणि जेवण भुयारातून मुख्य घरात यायचं. अपपार्कलाही असे बोगदे आहेत, विज्ञानकथाकार एच. जी. वेल्सची आई तिथे हाउसकीपर होती.

मागच्या पॅसेजमध्ये घंटांची रांग दिसली तर जरा थांबा. वरच्या खोलीतली दोरी ओढली की भिंतीतून गेलेली तार कोपऱ्याकोपऱ्यावरच्या कप्प्यांवरून वळत खाली येते आणि कमानीच्या स्प्रिंगवरची घंटा हलते. काही घंटांना छोटा लंबक असतो. आवाज थांबला तरी तो झुलत राहतो, म्हणजे हातातलं काम टाकून धावत आलेल्याला कुठल्या खोलीतून बोलावणं आलं ते कळावं.

नोकरांमध्येही उतरंड कडक. बटलर, हाउसकीपर हे वरचे. भांडी घासणारी पोरगी सर्वांत खाली, आणि हाउसकीपरचं लग्न झालेलं असो-नसो, तिला 'मिसेस'च म्हणायचं.

८. दिवे, गरम पाणी, संडास यांचं काय?

बराच काळ माणसंच ही सोय होती. पाणी बादल्यांनी वर जायचं, बैठकीच्या खुर्चीखालचं भांडं मागच्या जिन्याने खाली यायचं. मजूर स्वस्त होते, म्हणून बड्या घरांना सुधारणेची घाई नव्हती. घाई केली ती नव्या पैसेवाल्यांनी. नॉर्थम्बरलँडमधलं क्रॅगसाइड हे न्यूकासलच्या विल्यम आर्मस्ट्राँगचं घर; तोफा आणि हायड्रॉलिक यंत्रं यांवर तो श्रीमंत झाला. डोंगरात तलाव अडवून त्याने १८७८ मध्ये चित्रांच्या दालनात विजेचा कमानी दिवा लावला आणि १८८० मध्ये जोसेफ स्वानचे बल्ब बसवले. जलविद्युतीवर उजळलेलं हे जगातलं पहिलं घर. लायब्ररीतल्या काही दिव्यांना बटण नव्हतं. दिवा बसवलेली फुलदाणी बैठकीवर ठेवली की पाऱ्यातून वीज जोडली जायची; दिवा घालवायचा तर फुलदाणीच उचलून ठेवायची.

९. गेट लॉज, हंटिंग लॉज… लॉज म्हणजे नेमकं काय? तिथे राहायला मिळतं का?

दोन वेगळ्या गोष्टींना हे एकच नाव आहे.

पहिला, फाटकावरचा लॉज. आपल्या वाड्यांच्या देवडीचं काम इथे एक छोटं स्वतंत्र घर करतं. पहारेकऱ्याचं कुटुंब त्यात राहायचं. बग्गीचा आवाज आला की दिवसा-रात्री कुणीतरी उठून फाटक उघडायचं, बहुधा त्याची बायको किंवा पोर. आत शिरणाऱ्याला मालकाची ऐपत आणि आवड पहिल्यांदा इथेच दिसायची, त्यामुळे वास्तुविशारदही इथे हात मोकळा सोडत. ग्रीक देऊळ, बुटका किल्ला, गवताने शाकारलेली झोपडी, काय वाटेल ते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुळे लॉज दिसले तर ते दोन कुटुंबांचे समजू नका. पुष्कळदा एकाच कुटुंबाला एका बाजूची खोली झोपायला आणि दुसऱ्या बाजूची चुलीला असायची. मध्ये रस्ता आणि पाऊस. समोरून दिसायला मात्र छान, अगदी जोडीनं.

दुसरा, शिकारीच्या किंवा एकांताच्या वेळी वापरायचा, मुख्य घरापासून दूरचा लॉज. यातला सर्वांत विलक्षण नॉर्थॅम्प्टनशरमधला रश्टनचा त्रिकोणी लॉज. सर थॉमस ट्रेशम कॅथलिक होता. प्रोटेस्टंट राजवटीत धर्मापायी त्याने वर्षानुवर्षं कैद भोगली. उघड बोलायची सोय नाही, तर त्याने ते दगडातून सांगितलं. १५९३ ते १५९७ मध्ये बांधलेल्या या इमारतीला तीन भिंती, प्रत्येक ३३ फूट ४ इंच, म्हणजे शंभर फुटांचा तिसरा हिस्सा. मजले तीन, प्रत्येक भिंतीवर त्रिकोणी माथे तीन, खिडक्या तीनतीनच्या ओळींत, भिंतींवरचे लॅटिन लेख ३३-३३ अक्षरांचे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या त्रयीची ही कबुली आहे, आणि 'ट्रेशम' या आडनावातल्या 'त्रे'वरची कोटीही. कागदोपत्री ही इमारत कशासाठी? ससे पाळणाऱ्या नोकरासाठी! आज ती जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेकडे आहे.

राहायला मिळतं का: हो, पण हॉटेलसारखं नाही. १९६५ मध्ये स्थापन झालेला लँडमार्क ट्रस्ट अशा पडक्या लॉज, मनोरे, बागेतले मंडप दुरुस्त करून सुट्टीसाठी भाड्याने देतो. जेवण स्वतः करायचं. जागा लवकर भरतात. इतर बरेच गेट लॉज इस्टेटी फुटल्या तेव्हा सुटे विकले गेले आणि आज लोकांची खासगी घरं आहेत. फाटकात उभं राहून फोटो काढा, पण कुणाच्या खिडकीत डोकावू नका.

१०. 'बाग' म्हणतात, पण नुसतं गवत, झाडं आणि तळं. यात कुणी काय केलं?

सगळंच केलेलं आहे, हीच त्यातली मेख. लॅन्सलॉट ब्राउन (१७१६–१७८३) कुठलीही इस्टेट बघून 'इथे वाव आहे' म्हणायचा, म्हणून 'केपेबिलिटी' ब्राउन. त्याने दीडशेहून जास्त जागांवर काम केलं. पद्धत ठरलेली: आधीच्या भौमितिक वाफ्यांवर नांगर फिरवायचा, गवत थेट घराच्या भिंतीपर्यंत आणायचं, झाडांचे पुंजके लावायचे, हद्दीवर झाडांची दाट पट्टी म्हणजे शेजाऱ्याचं शेत दिसू नये, आणि ओढा अडवून नदीसारखं वळणारं तळं. ब्लेनहाइमच्या भव्य पुलाखालून आधी जेमतेम ओहोळ जायचा. ब्राउनने पाणी चढवलं, पुलाचा खालचा भाग खोल्यांसकट बुडाला, आणि पूल एकदम शोभायला लागला.

मग मेंढ्या दिवाणखान्यात का येत नाहीत? त्यासाठी 'हा-हा'. घराकडची बाजू सरळ भिंतीची आणि पलीकडची उताराची, असा खंदक. घरातून बघितलं तर हिरवळ अखंड दिसते. चालताना सांभाळा, कडेशी पोचेपर्यंत तो दिसत नाही.

या देखाव्याची किंमत काही ठिकाणी गावांनी मोजली. डॉर्सेटमध्ये लॉर्ड मिल्टनला आपल्या घरासमोरचं बाजाराचं गाव नको होतं. त्याने ते पाडलं आणि थोडं लांब, नजरेआड, एकसारख्या घरांचं मिल्टन ॲबस वसवलं. आज पर्यटक तिथे 'किती गोड गाव' म्हणून येतात.

११. तळ्याकाठची ती ग्रीक देवळं खरी आहेत का?

दगड खरा, देव नाही. इटलीची सफर करून आलेल्या मालकांनी तिथल्या चित्रांतला देखावा घरी उभा केला. विल्टशरमधलं स्टाउरहेड बघा: बँकवाल्या हेन्री होअरने १८व्या शतकाच्या मध्यावर दरी अडवून तळं केलं आणि भोवती पँथिऑन, गुहा, अपोलोचं देऊळ मांडलं. फिरायची दिशासुद्धा ठरवलेली आहे. ती धरा, उलटं फिरलात तर देखावे पाठीमागे पडतात. शरदात गर्दी होते आणि ती रास्त आहे.

१२. उंच विटांच्या भिंतीआड काय असतं?

भाजीमळा. बहुतेक लोक तिथवर पोचेपर्यंत थकलेले असतात आणि थेट चहाला जातात. जाऊ नका. भिंत वाऱ्यापासून आडोसा देते आणि दिवसाचं ऊन धरून ठेवते. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला पीच आणि जर्दाळू पसरून बांधतात, थंड भिंतीला आंबट चेरी. काही भिंती आतून पोकळ असून त्यांत धूर फिरवून त्या तापवायचे. अननसासाठी खड्डे भरून कुजणारी ओकची साल किंवा घोड्याची लीद. त्या उबेत दोनतीन वर्षांनी एक फळ. कोकणात परसात उगवणारं फळ तिकडे जेवणाच्या टेबलावर ऐश्वर्य म्हणून मिरवायचं.

कॉर्नवॉलच्या हेलिगनचे मळे पहिल्या महायुद्धानंतर रानाखाली गेले. १९९० मध्ये ते पुन्हा सापडले तेव्हा माळ्यांच्या संडासाच्या भिंतीवर पेन्सिलने लिहिलेली त्यांची नावं दिसली, खाली ऑगस्ट १९१४. त्यांतले कित्येक युद्धावरून परतले नाहीत.

१३. भारताशी थेट संबंध असलेली घरं कुठली?

पुष्कळ. निवडक सांगतो.

डर्बीशरमधलं केडल्स्टन हॉल हे कर्झन घराण्याचं. १८५९ मध्ये तिथे जन्मलेला मुलगा १८९९ ते १९०५ भारताचा व्हाइसरॉय होता. गंमत अशी की कोलकात्यातलं तेव्हाचं गव्हर्नमेंट हाऊस सुमारे शंभर वर्षं आधी केडल्स्टनच्याच आराखड्यावरून बांधलं होतं, म्हणजे कर्झन नोकरीवर गेला तो आपल्याच घराच्या नकलेत. केडल्स्टनच्या हॉलमधले अलबास्टरचे २० खांब बघून तळमजल्यावरच्या पौर्वात्य संग्रहात जा. तिथे लेडी कर्झनचा १९०३ च्या दिल्ली दरबारचा पोशाख आहे. भारतीय कारागिरांनी सोन्या-चांदीच्या तारांनी मोरपिसं भरली आणि प्रत्येक डोळ्यात भुंग्याच्या पंखाचं हिरवं कवच शिवलं. पोशाखाची शिलाई पॅरिसची. त्यामुळे नाव पॅरिसच्या शिंप्याचं झालं, कारागिरांचं नाही.

ग्लॉस्टरशरमधलं सेझिनकोट बाहेरून मुघल: कांद्याच्या आकाराचा तांब्याचा घुमट, छज्जे. आतून अस्सल इंग्रजी. कंपनीच्या नोकरीत पैसा केलेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी त्याच्या भावाने ते १८०५ च्या सुमारास बांधलं. सफोकमधलं एल्व्हडन हॉल पंजाबचे शेवटचे शीख महाराजा दुलीपसिंग यांनी १८६३ मध्ये घेतलं. त्यांची कबर गावच्या चर्चजवळ आहे. आइल ऑफ वाइटवरच्या ऑस्बर्नमध्ये व्हिक्टोरिया राणीचा दरबार हॉल आहे, तो लाहोरच्या भाई रामसिंगांनी घडवला. टिपू सुलतानाचा तंबू बघायचा असेल तर पोविस कॅसल. पण ते वेल्समध्ये आहे.

१४. आणि महाराष्ट्राशी?

सर चार्ल्स मॅलेट हा पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा वकील, म्हणजे रेसिडेंट. १७९० मध्ये टिपूविरुद्ध झालेल्या तहाचा पुण्यातला दरबार त्याने चित्रात उतरवून घेतला. रेखाटनं जेम्स वेल्सची. तो वारल्यावर थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये चित्र पुरं केलं. मॅलेटने वेल्सच्या मुलीशी लग्न केलं आणि विल्टशरमधलं विल्बरी हाऊस घेतलं. ते खासगी घर आहे, पण चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे.

पुण्याचा शेवटच्या पेशवाईतला रेसिडेंट आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने म्हातारपण सरेमधल्या हूकवुड नावाच्या साध्या घरात काढलं. १८५९ मध्ये तिथेच वारला. असईची लढाई (१८०३, आता जालना जिल्हा) जिंकणाऱ्या वेलिंग्टनला १८१७ मध्ये हॅम्पशरमधलं स्ट्रॅटफील्ड से मिळालं. ते मात्र वॉटर्लूचं बक्षीस, असईचं नव्हे.

१५. मालक अजून तिथेच राहतात का? मग नॅशनल ट्रस्ट काय करतो?

तीन प्रकार. काही घरं कुटुंबाकडेच आहेत किंवा कुटुंबाने केलेल्या न्यासाकडे: चॅट्सवर्थ, ब्लेनहाइम, कॅसल हॉवर्ड, हेअरवुड. काही नॅशनल ट्रस्टकडे आणि काही इंग्लिश हेरिटेजकडे. शेकडो घरं शाळा, हॉटेलं, फ्लॅट झाली. स्टोच्या घरात १९२३ पासून शाळा आहे, बाग ट्रस्टकडे.

नॅशनल ट्रस्ट १८९५ चा, पण तो सरकारी नाही, हे आपल्याकडे हमखास चुकतं. सुरुवातीला त्याचा भर मोकळ्या जमिनींवर होता. १९३७ च्या कायद्याने असं ठरलं की मालकाने घर आणि ते चालवायला निधी द्यावा, बदल्यात कुटुंबाने तिथेच राहावं आणि लोकांना घर बघू द्यावं. लॉर्ड लोथियनचं नॉरफोकमधलं ब्लिकलिंग हॉल १९४० मध्ये असंच आलं. म्हणून ट्रस्टच्या घरातही एखाद्या दारावर 'खासगी' पाटी दिसते.

१६. लाखो एकरांचे मालक, मग घरं हातची गेली कशी?

१८७० नंतर अमेरिकेचं स्वस्त धान्य आलं आणि खंड कोसळले. १८९४ मध्ये मृत्युकर आला. तो १९१९ मध्ये मोठ्या इस्टेटींना ४० टक्के झाला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ८० टक्के. काहींनी अमेरिकन वारसदारणींशी लग्नं केली. ब्लेनहाइमच्या नवव्या ड्यूकने १८९५ मध्ये कॉन्सुएलो व्हँडरबिल्टशी केलेलं लग्न हा उघड सौदा होता.

चॅट्सवर्थचं उदाहरण लक्षात राहण्यासारखं आहे. दहाव्या ड्यूकने इस्टेट मुलाच्या नावावर केली होती, पण कर टळायला त्यानंतर पाच वर्षं जगणं भाग होतं. १९५० मध्ये तो गेला तेव्हा त्या मुदतीला काही आठवडेच उरले होते. कर ८० टक्के. जमिनी विकल्या, चित्रं दिली, आणि प्रश्न ४ मधलं हार्डविक सरकारला करापोटी देऊन टाकलं. ते १९५९ मध्ये ट्रस्टकडे गेलं.

ज्यांना हेही जमलं नाही त्यांनी घरं पाडली. विसाव्या शतकात हजाराहून जास्त गेली. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने पाडलेल्या घरांचंच प्रदर्शन भरवलं, तेव्हा लोक हबकले.

१७. विटांनी बुजवलेल्या खिडक्या खिडकीकरामुळेच ना?

गाईडसुद्धा तसं ठोकून देतात. खिडकीकर होता खरा, १६९६ ते १८५१. पण बऱ्याच आंधळ्या खिडक्या पहिल्यापासून तशाच बांधलेल्या असतात: आत धुराडं किंवा जिना असतो, आणि बाहेरून दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्या असतात. विटा मागाहून भरल्यासारख्या, सांधा तुटलेल्या दिसल्या तरच कराचा संशय घ्या. आणि जो माणूस शंभर खोल्यांचं घर बांधतो तो चार खिडक्यांचा कर वाचवायला जात नाही.

१८. आगीत जळून पुन्हा बांधलेलं घर 'अस्सल' मानायचं का?

तिकडेच यावर एकमत नाही. अपपार्क ऑगस्ट १९८९ मध्ये छताचं काम चालू असताना पेटलं. बहुतेक सामान बाहेर काढता आलं, आणि ट्रस्टने घर आगीच्या आदल्या दिवशी होतं तसं उभं करून १९९५ मध्ये उघडलं. विसरलेल्या कारागिरी त्यासाठी नव्याने शिकल्या गेल्या. सरेमधलं क्लँडन पार्क २०१५ मध्ये जळलं तेव्हा जवळजवळ सगळं आतून गेलं. आधी काही खोल्या पुन्हा करायचं ठरलं, मग २०२२ मध्ये ट्रस्टने बेत बदलला: जळका सांगाडा तसाच राखून दाखवायचा. मला अपपार्कचा निर्णय पटतो, आणि क्लँडनचाही. एकात वाचवायला काही होतं, दुसऱ्यात नव्हतं.

१९. संरक्षित इमारतींच्या यादीत 'ग्रेड टू' म्हणजे फक्त बाहेरचा दर्शनी भाग राखायचा, आतून काहीही करता येतं. खरं का?

खोटं. ग्रेड कुठलीही असो, संरक्षण आतबाहेर सगळ्याला असतं, आणि १ जुलै १९४८ च्या आधीपासून आवारात असलेल्या बांधकामांनाही. ग्रेडने फक्त महत्त्व कळतं: यादीतल्या इमारतींपैकी ग्रेड वन सुमारे अडीच टक्के, नव्वद टक्क्यांहून जास्त ग्रेड टू. जुन्या बागांची नोंद वेगळ्या यादीत, १९८३ पासून.

खरी भानगड वस्तूंची. भिंतीत बसवलेली वस्तू इमारतीचा भाग, सुटी वस्तू मालकाची. मग पुतळ्याचं काय? वोबर्न ॲबीतल्या खास मंदिरात ठेवलेला कॅनोव्हाचा 'थ्री ग्रेसेस' हा इमारतीचा भाग धरला गेला नाही, म्हणून तो विकता आला. देशाबाहेर जाऊ नये म्हणून १९९४ मध्ये लंडन आणि एडिंबरा इथल्या संग्रहालयांनी मिळून तो ७६ लाख पौंडांना घेतला.

२०. बटलर आणि लेडीजची ती गाजलेली मालिका, 'डाउनटन ॲबी', कुठे चित्रित झाली?

हॅम्पशरमधल्या हायक्लेअर कॅसलमध्ये. तिथल्या पाचव्या अर्लच्या पैशावर १९२२ मध्ये तुतनखामेनची कबर सापडली. नोकरांच्या स्वयंपाकघराचे प्रसंग मात्र स्टुडिओतले, त्यामुळे ते शोधत तळघरात फिरू नका.

२१. जायच्या आधी काय बघून ठेवावं?

घर आणि बाग यांच्या वेळा वेगळ्या असतात. हिवाळ्यात अनेकदा बाग उघडी आणि घर बंद. काही ठिकाणी घरासाठी ठरावीक वेळेचं तिकीट लागतं आणि शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या तासभर आधी असतो. एका वर्षात चारपाच घरं बघायची असतील तर ट्रस्टचं सभासदत्व स्वस्त पडतं. पण खासगी घरांत ते चालेलच असं नाही. सप्टेंबरमध्ये हेरिटेज ओपन डेजच्या वेळी एरवी बंद असलेल्या कित्येक जागा फुकट बघता येतात. फोटो बहुतेक ठिकाणी चालतो, फ्लॅश नाही. पाठीवरची मोठी सॅक दारात काढून ठेवायला किंवा पोटावर घ्यायला सांगतात, आणि टोकदार टाचांचे बूट असतील तर सपाट चपला देतात. आईला घेऊन जात असाल तर आधी फोन करून लिफ्ट आहे का विचारा. राणीसाठी बांधलेल्या वरच्या मजल्यावर जायला हार्डविकला दगडी जिना आहे, लांबलचक, आणि तो चढल्याशिवाय गॅलरी नाही.